कंपनी फिटिंगची जीप आणि पोरगी बघायचा कार्यक्रम

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मधेच हसलात की चहा सांडतो, आणि हे सांगता सांगता माझे बरेच शर्ट वाया गेलेत.

आता काय सांगू, कुठनं सांगू! नव्वदीच्या शेवटाशेवटाची गोष्ट. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. मशीनवरनं आलेला पार्ट हातात घ्यायचा, ड्रॉइंगशी ताडून बघायचा, आणि केसभर जरी फरक निघाला तरी बाजूला फेकायचा. दिवसभर हेच! त्यामुळं स्वभावच तसा झालेला. घरात आमटी जरा पातळ झाली तरी मी वाटी रिजेक्ट करायचो.

अशा माणसानं जीप घेतली. सेकंडहँड, पांढरी, ताडपत्रीच्या हुडाची. डोंगरात घाला, चिखलात घाला, चारी चाकं ओढणार.

आता कोल्हापुरात जीप घेणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. जीप आणली की ती नटवायची असते. माझ्या मित्राची, बाज्याची जीप बघायला हवी होती तुम्ही! टायर एवढे थोराड की आत चढायला स्टूल लागायचं. पुढं लाईटांची अशी माळ, की ती पेटवली की गल्लीतल्या कोंबड्या पहाट झाली म्हणून आरवायच्या. काचेवर आडवं 'नाद खुळा' लिहिलेलं, आणि बाज्या त्यातल्या 'ळ'च्या पोटातनं रस्ता बघायचा.

माझ्या जीपकडं बघून तो रडकुंडीला यायचा.

"भावा, आरं गाडी हाय का दवाखान्यातली खाट? निदान पुढं एक गोंडा तरी बांध!"

"नको. कंपनी फिटिंग आहे ते तसंच राहणार."

"टायर तरी रुंद घाल की!"

"का? कंपनीच्या इंजिनियरला अक्कल नव्हती होय?"

"बरं, मग मागं 'आईचा आशीर्वाद' तरी लिही. त्याला कंपनी न्हाय म्हणतीया व्हय?"

मी हललो नाही. एवढ्या वर्षांत मी वायपरची रबरं तेवढी बदलली, आणि तीसुद्धा कंपनीचीच मिळाली तेव्हा. हॉर्न तोच. दाबला की सर्दी झालेल्या शेळीगत आवाज. पण ओरिजिनल! मला केवढा अभिमान!

ह्याच अभिमानापायी माझं लग्न मोडता मोडता राहिलं.

झालं असं, की दिनकरमामांनी कुणाकुणाच्या ओळखीतनं, मुलीकडच्यांना न भेटताच एक स्थळ आणलं. आजऱ्याच्या पुढं, काजूच्या बागांच्या पोटात एक गाव. मुलीच्या वडलांचं नाव महादूअण्णा. मामा म्हणजे शिस्तीचा माणूस. मातकट सफारी, काळा गॉगल, बगलेत रेक्झिनची बॅग. निघतानाच त्यांनी मला दम भरला.

"हे बघ, गावात कुणी विचारलं तर लग्नाचा चकार शब्द बोलायचा न्हाय. जुळलं न्हाय तर पोरीचं उगंच नाव हुतंय. 'जरा बघायला आलोय' म्हणायचं. बास!"

मामा आजवर फक्त बाज्याच्या जीपमध्ये बसलेले. ती प्रत्येक चढाला उकळायची. त्या हिशेबानं मामांनी वाटेत गाडी बंद पडायची, ढकलायची, पाणी शोधायची सगळी सवड धरून सकाळीच निघायला लावलं. पण माझी जीप कंपनी फिटिंग! ती कशाला बंद पडते? संध्याकाळी येतो म्हणून निरोप दिलेला, आणि आम्ही भर दुपारी वेशीवर.

आत शिरलो आणि बघतो तर काय, पिठाची गिरणी चालली होती ती घरघरत बंद पडली. कुठंतरी कॅसेटवर गाणं लागलं होतं, गाणाऱ्या बाईचा आवाज जाड होत होत रेड्यागत झाला आणि थांबला.

"लाईट गेली वाटतं," मामा म्हणाले.

आणि कौलांवर माणसं! ह्या घरावर एक, त्या घरावर दोन. सगळ्यांच्या हातात लांब लांब बांबू.

"मामा, अँटेना फिरवतायत. आज मॅच असणार."

"आरं, पर लाईट गेल्यावर अँटेना कशाला फिरवत्यात?"

"लाईट येईल तेव्हा तयार नको?"

मामांना पटलं. आता ह्यावरनं आमच्या घराण्याची हुशारी तुमच्या ध्यानात आली असेल.

एक म्हातारी लगबगीनं वायरचं वेटोळं शेणीच्या ढिगात खुपसत होती. एक गडी पोटाशी काहीतरी धरून गवताच्या गंजीत शिरला. मी कौलावरच्या एकाला हात हलवला. त्यानं बांबू सोडून दोन्ही हात जोडले. बांबू धाडकन खाली! मी म्हटलं, काय संस्कारी गाव आहे हो!

चावडीपुढं जीप थांबवली. चार-पाच माणसं उभी, चेहरे पांढरेफटक. त्यातला एक म्हातारा पुढं आला.

"रामराम साहेब. कसं काय येणं झालं?"

"जरा बघायला आलोय."

"सगळ्या गावाचंच बघणार?"

"छे छे! एकाच घरी. महादूअण्णांकडं. तिथं समाधान झालं तर प्रश्नच मिटला."

"आनि न्हाय झालं तर?"

"मग दुसरी घरं आहेतच की!"

म्हाताऱ्यानं चावडीचा खांब धरला. मागनं एकानं विचारलं, "साहेब कशात असता म्हणायचं?"

"इन्स्पेक्शनला," मी ताठ होऊन म्हटलं. "केसभर फरक असला तरी सोडत नाही."

मामांना वाटलं, हीच वेळ पोराचं कौतुक करायची. "लई कडक हाय! घरच्या माणसाला बी सोडत न्हाय, विचारा कुणालाबी!"

ते ऐकून एक जण पळतच सुटला. मला वाटलं, मुलीकडं सांगायला गेला. तसा तो मुलीकडंच गेला होता म्हणा.

आम्ही महादूअण्णांच्या दारात पोचलो आणि मी वर बघितलं. कौलावर एक मुलगी. डाळिंबी रंगाची नवी साडी, पदर खोचलेला, केसात अबोलीचा गजरा, खांद्यावर वायरचं वेटोळं आणि हातात बांबू. विजेच्या तारेवरनं काहीतरी सोडवत होती. असं सफाईदार, की नुसतं बघत राहावं. मी मनात म्हटलं, मुलगी कामसू आहे.

तेवढ्यात आतनं महादूअण्णा हात जोडूनच बाहेर आले.

"साहेब, आजच्या दिवस सोडा! आज पोरीला बघायला पावणं यायचं हायत!"

मामांचा गॉगल नाकावर घसरला. "आज? आजच?"

"व्हय की! कोल्हापूरची पार्टी हाय. पोराची सोताची जीप हाय म्हणत्यात."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कोल्हापूरचा, लग्नाचा आणि जीपवाला! माझ्याशिवाय असा एकच माणूस मला माहीत होता. बाज्या! माझ्या जीपला नावं ठेवत होता आणि स्वतः गुपचूप माझ्याच स्थळावर?

"मुलगा कसा आहे?" मी दात खात विचारलं.

"कुठल्यातरी कारखान्यात हाय. पोरगा लई साधा, जरा भोळसट हाय म्हणं."

"भोळसट? मग बाज्याच तो!"

मामा खवळले. "अहो, आमास्नी आधी सांगितलं, आनि आता दुसऱ्यास्नी बी बोलवलंसा?"

"तुमास्नी कोन बोलवतंय साहेब? तुम्ही न सांगताच येताय न्हवं?" अण्णा बिचारे गोंधळून गेले.

"ते ऱ्हाऊ द्या! पोरीच्या बाबतीत काय लपवलं असंल तर आत्ताच सांगा!"

अण्णांचा बांधच फुटला. "आता खोटं कशाला बोलू साहेब? लाईन हाय!"

मामा मटकन ओट्यावर बसले. "लाईन हाय?"

"हाय. पर एकट्या आमची न्हाय. सगळ्या आळीची हाय!"

"आनि... पोरीला म्हाईत हाय?"

"तीच तर जोडती! बारकी हुती तवापासनं सवय हाय तिला. दादले घाबरत्यात, ही घाबरत न्हाय."

"ऊठ," मामा मला म्हणाले. "ऊठ, गाडी काढ!"

मी उभाच होतो. तेवढ्यात मुलगी शिडीवरनं खाली उतरली. तिनं आधी मला न्याहाळलं, मग जीप, मग मामांच्या बॅगेतनं अर्धा बाहेर आलेला माझा फोटो.

"तुम्ही नक्की कोन?" तिनं सरळ विचारलं.

"मी... नवरा मुलगा."

सगळं गाव एव्हाना कुडापलीकडं गोळा झालं होतं.

"लाईटवालं न्हवं तुम्ही? आकडं पकडायला आलेलं?"

तेव्हा कुठं मला कळलं! आकडा म्हणजे काय, तुम्हाला माहीत असेलच. खांबावरच्या तारेला बांबूनं वायर अडकवायची, की घरात फुकटचा उजेड. सगळ्या गावानं माझी जीप बघून आकडे उतरवले होते!

"मग ही जीप कुनाची?" ती.

"माझीच."

"आनि हिला गोंडा न्हाय, नाव न्हाय, रंग न्हाय? आमी कोल्हापूरची जीप म्हनून पार हारतुऱ्याची गाडी बगत हुतो! असली उघडीबोडकी जीप सरकार सोडून कोन वापरतंय?"

"कंपनी फिटिंग आहे," मी म्हटलं. असा केविलवाणा आवाज तर माझ्या हॉर्नचाही नव्हता.

गाव जे हसलं म्हणता! चावडीवरचा म्हातारा हसता हसता खाली बसला. अण्णांनी मला मिठीच मारली. "आवो पावणं! आदी सांगायचं की!" पाच मिनिटांत कौलांवर परत माणसं चढली, बांबू वर गेले, आकडे तारेवर बसले. गिरणी सुरू, कॅसेटवरची बाई परत बाईच्या आवाजात गायला लागली. आमच्या डोक्यावरचा पंखा फिरला. पोहे आले. मुलीनं, वैशाली तिचं नाव, वायरचं वेटोळं ठेवून रीतसर चहा आणला. माझ्या मनात गुदगुल्या.

आणि अशात, बघा हं, वेशीवरनं दुसरी पांढरी जीप आली. तीच ताडपत्री, तसलीच चाकं. हॉर्नसुद्धा सर्दी झालेल्या शेळीचा. माझ्या जीपची जुळी बहीण!

कौलावरचा एक जण उतरायला लागला, तर म्हातारा खालनं ओरडला, "आरं बस वरच! पावण्यांची मागं ऱ्हायल्याली माणसं असत्यात ती!"

कुणीही जागचं हललं नाही. उलट जीपमधनं चार माणसं उतरली तेव्हा गाव स्वागताला पुढं.

"या पावणं, या! तुम्ही कुनाची पोरगी बगायला?"

एकानं तर अगत्यानं टेबलफॅनचं तोंड त्यांच्याकडं फिरवलं. त्या फॅनची वायर खिडकीतनं बाहेर, भिंतीवरनं वर, आणि तिथनं थेट सरकारी तारेवर! त्या चौघांतल्या साहेबांची नजर त्या वायरीचा माग काढत काढत वर गेली आणि तिथंच राहिली.

हे खरे लाईटवाले होते.

साहेब अण्णांच्या अंगणात आले आणि माझी जीप बघून थबकले. मग मामांचा सफारी बघितला, बॅग बघितली. आणि चक्क नरमाईनं म्हणाले, "अरे, तुम्ही आधीच पोचलात? कुठल्या ऑफिसचे?"

मित्रांनो, माझ्या आयुष्यात असा क्षण परत आला नाही. सगळं गाव माझ्याकडं बघतंय. वैशाली माझ्याकडं बघतीये. माझी कंपनी फिटिंगची जीप एका गावाला वाचवणार होती! मी छाती पुढं काढली.

"आम्ही वरच्या ऑफिसचे. इथलं तपासून झालंय. सगळं ओके!"

"ओके?" साहेबांनी वर बोट दाखवलं. "आणि हे काय लोंबतंय?"

मी वर बघितलं. आता काय बोलावं? "ते... अँटेना."

साहेब विचारात पडले. खरंच पडले हो! वरच्या ऑफिसचा माणूस म्हणतोय म्हटल्यावर कदाचित गेलेही असते. पण अण्णांचं मन भरून आलं होतं. माझ्यासारखा माणूस गावासाठी उभा राहतोय हे बघून त्यांचे डोळे पाणावले. ते पुढं आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि साहेबांना अभिमानानं म्हणाले,

"साहेब, सोन्यासारखा मानूस हाय! हे आमचं होनारं जावई!"

बघा, अशा रीतीनं माझं लग्न ठरलं आणि त्याच वाक्यात मी पकडला गेलो.

मग काय, सगळ्या गावाचे आकडे जागेवर सापडले. पंचनाम्याला गावाबाहेरचे साक्षीदार हवे होते. ते कोण? मी आणि मामा! होणाऱ्या सासऱ्याच्या विरोधात मी पंच म्हणून सही केली, आणि लगेच त्यांच्याच हातचा विडा खाल्ला. साहेबांनी जाताना माझी जीप एकदा नीट फिरून बघितली आणि म्हणाले, "आमच्यापेक्षा बरी ठेवलीय."

परतीच्या वाटेवर घाट उतरल्यावर मीच विषय काढला.

"मामा, मला मुलगी पसंत आहे. पण एवढं सगळं झाल्यावर ती काय म्हणाली? तुम्ही विचारलंत ना?"

"विचारलं की. हो म्हणाली."

माझा विश्वासच बसेना. "खरंच? माझ्यात काय आवडलं तिला?"

मामांनी गॉगल काढून पुसला.

"म्हणाली, मानूस बरा हाय. सगळं गाव डोळ्यांदेखत आकडं उतरवत हुतं, तरी ह्यास्नी कळलं न्हाय, आनि म्हनं हे इन्स्पेक्शनला हायत! असल्या मानसाच्या घरात बाईला काय बी लपवावं लागत न्हाय."