चाच्यांच्या पिक्चरवर माझं मत

माझं तोंड कुणीतरी शिवून टाकावं, असं झालंय बघा. हसू नका! चहा घ्या, ऐका आन् मग सांगा चूक कुणाची. तशी माझीच हाय, पण तरी ऐका.

गौतमला तुम्ही ओळखताच. तो डायव्हर, मी कंडक्टर. तुळजापूर-सोलापूर, उभी नोकरी आम्ही एकाच गाडीवर काढली. तो रस्ताभर एक अक्षर बोलायचा न्हाय आन् मी गप बसायचो न्हाय. म्हणून तर जमलं! आता दोघं बी रिटायर.

त्याचं पोरगं आनंद हैदराबादला असतं. कॉम्प्युटरवर पिक्चरातलं पाणी करतंय. म्हंजे काय, हे मला बी आधी कळलं न्हाय. समुद्र खरा नसतोच म्हणं, लाटा हीच पोरं तयार करतात! इथं आम्ही नळाची वाट बघत बसायचं, आन् हा पठ्ठ्या तिकडं खुर्चीत बसून समुद्र करतोय! पण त्या समुद्रापायी पोरगं किती सणांना घरी आलं न्हाय. गौतम बोलत नव्हता, पण आतून खचला होता. मला दिसायचं की.

मग तो पिक्चर लागला. समुद्री चाच्यांचा. जहाजं, तोफा, पाण्यासारखा पैसा ओतलेला. गौतम मला म्हणाला, "शेवटाला पोराचं नाव येणार हाय पडद्यावर. समद्यांनी मिळून बघायचं. तू बी चल." त्या माणसाच्या तोंडून एवढं म्हंजे भाषणच झालं!

जीपा भरून पैपावणे घेतले, धाराशिवच्या टॉकीजात दुपारचा शो गाठला. गार हवा, मऊ खुर्ची! तिकडं चाचे एकमेकांवर तुटून पडले आन् इकडं माझा डोळा लागला.

जाग आली ती सगळं शांत झाल्यावर. आता मला सांगा, जन्मभर कंडक्टरकी केलेल्या माणसाला गाडी थांबल्यावर जाग आली, तर तो काय करंल? मी ताडकन उठलो आन् खच्चून ओरडलो, "चला, आलं स्टँड! उतरा उतरा! गाडी रिकामी करा! सामान बघून घ्या!"

आन् लोकं बी बघा, सगळी उठली! आमचीच न्हाय, परकी बी! बाया पिशव्या चाचपायला लागल्या. मी दारात उभा, "सावकाश, आजीला आधी उतरू द्या!" तिकडं पडद्यावर नावं आत्ता कुठं सुरू झाली होती. ऑपरेटरनं बघितलं, हॉल रिकामा. त्यानं पिक्चर बंद केला. आत एकटा गौतम बसून राहिला होता.

मला काय पत्ता? मी बाहेर. तिथं कुठल्याशा चॅनेलची बाई माईक धरून प्रेक्षकांची मतं विचारत होती. एकजण म्हणाला, "फायटिंग एक नंबर!" गौतमच्या बायकोला विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "एवढं पाणी भवतीनं, आन् एकानं बी केस धुतलं न्हाईत!" मग माईक माझ्यापुढं. झोपलो होतो असं सांगू? इज्जतीचा सवाल! मी छाती काढून म्हणालो, "खर्च वाया! पाणी साफ नकली हाय! बघताक्षणी कळतंय!"

"भावजी!" वहिनी मागून कळवळल्या. "पाणी आनंदनं केलंय. आन् त्येचं नाव यायच्या आधी समद्यांला उठवलं कशापायी वो?"

गौतम आला, जीपमध्ये बसला, गप. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आता हा रागावलाय का नेहमीसारखाच गप हाय, हे तरी ओळखायचं कसं?

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ सगळीकडं! स्टँडवर, रसवंतीत, दर्शनाच्या रांगेत, जो तो म्हणतोय, "काका, पाणी नकली!"

मला जेवण जाईना. ठरवलं, गौतमला परत न्यायचं आन् नाव दाखवायचंच. टॉकीजचा मॅनेजर म्हणाला, "माणसंच न्हाईत, शो कसा लावू? उद्या पिच्चर उतरतोय." मग काय, गेटवर उभं राहून जुना गळा काढला, "चला, चाच्यांचा पिक्चर! जागा हाय, बसून जावा! पाणी लई भारी!"

एकानं मोबाईलच नाकापुढं धरला. "काका, ह्यो कोण मग?"

तरी पंधरा-वीस जण आले. कशाला? नकली पाणी बघायला!

गौतमला आत नेऊन बसवला आन् ह्या खेपेला मी हयगय केली न्हाय. पहिल्या रांगेपुढं लोकांकडं तोंड करून उभा राहिलो, पिक्चर सुरू झाल्यापासून संपेपर्यंत. कुणी हललं की "बसा, बसा!" नावं सुरू झाली तशी पळत गौतमशेजारी येऊन बसलो. आयला! नावं मुंगीएवढी, इंग्रजी, आन् सुसाट पळायला लागली. गौतमला तसं बी कमी दिसतंय.

"आलं का रं?"

"येतंय, येतंय!"

पडदा काळा झाला. मला एक नाव धड दिसलं असंल तर शपथ! गौतम माझ्या तोंडाकडं बघतोय. काय करणार?

"आलं की! मधोमध! चांगलं ठळक!"

तो हळूच म्हणाला, "कालच पोराचा फोन आलता. नाव घातलंच न्हाई म्हणं. निस्तं कंपनीचं घातलंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग आलास कशाला बाबा?"

"त्येचं पाणी पुन्यांदा बघावं म्हणलं," गौतम म्हणाला. पोराला फोन लावून त्यानं माझ्या हातात दिला. "धर. तुलाच विचारत व्हता."

"काका, जय भीम," पोरगं म्हणालं. आवाज पडलेला. "व्हिडिओ बघितला तुमचा. एवढी माणसं बोलली, पण पाण्याकडं नीट बघितलं ते तुम्हीच. नकली कुठं वाटलं, तेवढं सांगा की. पुढच्या टायमाला सुधारतो."

आता काय डोंबल सांगू त्याला? पहिल्यांदा मी झोपलो होतो आन् दुसऱ्यांदा पडद्याकडं पाठ करून उभा होतो. त्याचं पाणी मी बघितलंच कुठं होतं!