शिक्क्याचं सोनं

सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा कोणी फेकत नाही, त्यात सोन्याचा कण सापडतो. आमच्या दुकानात साठले ते किस्से, आणि त्यांत सोनं फारच कमी!

संस्थानच्या काळात जव्हारच्या बाजारात आमचं दुकान होतं. घडणावळ माझी, पारख दादांची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. कसोटीच्या दगडावर दागिना घासायचा, उमटलेल्या रेघेवर तेजाबाचा थेंब सोडायचा. रेघ टिकली तर सोनं, उडाली तर पितळ. मग समोर कोणीही असो, दादा तोंडावर सांगणार. त्यामुळे आम्हांला गिऱ्हाइकं कमी, शिव्या जास्त!

*

त्या दिवसांत मुंबईहून रोल्ड गोल्डचे नकली दागिने यायला लागले होते. त्यांवर बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली असत. खोडाळ्याचा एक शेतकरी तसली साखळी घेऊन आला. दादांनी पितळ म्हटल्यावर खवळलाच.

"वर शिक्का हाय ना! म्हंजे सरकारी सोना!"

"सरकार तांब्याच्या पैशावरही शिक्का मारतं, बाबा!"

पुढच्या बाजाराला तीच साखळी त्याच्या बैलाच्या शिंगाला बांधलेली दिसली. तो आमच्याकडे बघायलाही तयार नव्हता.

*

कचेरीतले एक कारकून मुलीच्या बांगड्या घेऊन आले. लग्नात सासरनं घातलेल्या. त्यांना इंग्रजी येत होतं, त्यामुळे ऐट भारी. "चौदा कॅरेट! स्वच्छ लिहिलंय!"

"पुढची दोन अक्षरंही वाचा, रावसाहेब."

"जी... एफ."

"म्हणजे आत पितळ, वर सोन्याचा पातळ पत्रा."

रावसाहेबांनी बांगड्या घाईघाईनं रुमालात गुंडाळल्या. "लग्न होऊन गेलंय हो. पोरीला कळू देऊ नका."

वर्षभरानं पोरगी माहेरी आली, तशी गुपचूप आमच्याकडेही आली. "काका, कडेचं पितळ दिसायला लागलंय. पण बाबांना कळू देऊ नका!"

बाप-लेक पुढे कित्येक वर्षं एकमेकांसमोर त्या बांगड्यांचं कौतुक करत. मला ते ऐकवत नसे.

*

मोखाड्याच्या एका शेटजींकडे चोरी झाली. शेटाणीचा हार गेला. चौथ्या दिवशी सकाळी हार दारात पडलेला, मागच्या बाजूनं कानशीनं खरवडलेला! आतलं पितळ सगळ्या आळीनं पाहिलं. शेटाणी धाय मोकलून रडली, "नेला होता तर ठेवायचा तरी होता मेल्यानं!"

*

आणि पोशेऱ्याची सोमीबाय. तिचा एकुलता एक मुलगा मुंबईला कामाला गेला, तिथून त्यानं आईला नाकातली फुली धाडली आणि तिकडेच तापानं गेला. फुलीच्या मागे तीच दोन अक्षरं होती.

"मेल्यावर तोंडात सोना घालतात ना, त्याच्यासाठी ठेवलीय. पोऱ्याच्या हातची. खरी हाय ना, दादा?"

दादांनी रेघ ओढली, थेंब सोडला. रेघ पार उडाली. मी मान खाली घातली, आता बोलतील म्हणून. दादांनी दगड फडक्यानं पुसला.

"शंभर नंबरी आहे, आई."

त्यानंतर आठ दिवस त्यांनी कसोटीला हात लावला नाही.

दोन वर्षांनी दादा गेले. त्या दिवशी बाजार होता, बातमी ऐकून सोमीबाय घरी आली. दादांच्या तोंडात ठेवायला वहिनींनी सोन्याचा तुकडा हातात घेतला होता. सोमीबायनं नाकातली फुली काढून पुढे केली.

"दादापन माझ्या आधी गेला, माझा लेकरूच. ही घाला. त्यानंच पारखलेली हाय."

"आणि तुम्हांला, आई?" वहिनींनी विचारलं.

"मला घालनारा कोन राहिलाय?"

वहिनींनी फुली घेतली, उलटी केली आणि त्या दोन अक्षरांकडे पाहत राहिल्या. सोनाराच्याच घरातली बाई ती.

"खरी आहे ना, भाऊजी?"

"शंभर नंबरी," मी म्हणालो.