उतरणारा आकडा

डॉ. जेठानंद यांना आमची सगळी आळी ‘साईं’ म्हणते. आदराने हाक मारायची ही सिंधी रीत आम्हा अंबरनाथकरांच्या तोंडी रुळली ती त्यांच्यामुळेच. त्यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त लिहायला बसले आणि पहिली भेट आठवली. उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पात, बराकीतल्या एका खोलीत ते रक्त तपासत. मी आईला घेऊन गेले होते. सुई टोचण्याआधी त्यांनी आम्हाला पाणी आणि भाजलेला पापड दिला. मी पडले शाळामास्तरीण, प्रश्न विचारायची खोड. म्हटले, “दवाखान्यात पापड?” ते म्हणाले, “बेटी, घर में कोई आया है. पहले पानी, फिर बीमारी.”

आईला रक्ताचा कर्करोग झाला होता. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढत होत्या. मुंबईच्या एका इस्पितळातून नव्यानेच निघालेल्या गोळ्या मिळत, आणि त्या किती द्यायच्या हे दर आठवड्याच्या रक्तावरून ठरे. साईं स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजत, मग दुसरा थेंब घेऊन पुन्हा मोजत. तपासणीचा कागद मात्र नुसता कुणाच्या हातात देत नसत. समोर बसवून आकड्याचा अर्थ सांगत आणि तो आपल्याकडून वदवून घेत. एवढा धीर मी माझ्या वर्गात कधी दाखवलेला नाही. आम्ही काही फार हुशार विद्यार्थी नव्हतो.

एकदा साईं मुंबईला गेलेले असताना माझे वडील, अण्णा, कंपाउंडरकडून कागद घेऊन आले. आकडा कधी नव्हे इतका खाली आला होता. ताप उतरला की माणूस बरा, हे आमच्या घरचे वैद्यक. इतके दिवस आकडा उतरण्याचीच तर वाट पाहिली होती! अण्णांनी आळीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र होती, शिवमंदिराची जत्रा. बारवी नदीकडच्या पाड्यावर राहणारी माझी मावशी वर्षातून एकदा, या जत्रेलाच येई. आजारपणात आईची एक जत्रा आधीच हुकली होती. तिने ठेवणीतले लुगडे काढले.

सकाळी साईं दारात उभे. रात्री मुंबईहून परतून आईचा आकडा पाहताच कॅम्पातून चालत आले होते, घामाने निथळत होते. अण्णांनी पेढा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

“गोळी आजपासून बंद. और मेले में नहीं जाना.”

आई उसळली. “आकडा उतरला ना? मंग आता कशाला अडवता? माझी बहीन वाट बघंल.”

साईं खाली बसले. आईला ते ‘अदी’ म्हणत, म्हणजे थोरली बहीण. “अदी, तुमच्याकडे भात, आमच्या सिंधमध्ये, लारकान्यातही भात. खाचरात पाणी जास्त झालं तो क्या करते हो?”

“बांध फोडतो.”

“और सगळंच पाणी निघून गेलं तर?”

“रोप करपंल.”

“दवाई ने खराब काढलं, रोगाशी लढणारं चांगलं भी निकल गया. अब छोटी सी खाँसी भी आत घुसेल.”

मग अण्णांना बरोबर घेऊन ते स्वतः जत्रेत गेले आणि मावशीला शोधून घेऊन आले. मावशीला नेमके पडसे झालेले. साईंनी तिला अंगणातच बसवले, आईला खिडकीशी. दोघी बहिणी दुपारभर ओरडून बोलल्या. पाड्यावरची सगळी भांडणे त्या दिवशी आमच्या आळीला कळली. निघायची वेळ झाली तेव्हा आईने गजांतून हात बाहेर काढला.

“येकदा हात तरी लावू द्या.”

साईंनी मान हलवली. “अदी, माझी बहीण बंटवारे में तिकडेच राहिली. चिठ्ठी भी नहीं आती. तुम देख तो रही हो.”

आईने हात आत घेतला. मग विचारले, “नाव काय तिचं?”

“रुकी,” ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन मावशीजवळ बसले.

पुढे पेशी हळूहळू वाढल्या. चैत्रात साईंनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि अर्थ मलाच विचारला. मी म्हटले, “जास्त नाही, कमी नाही. पुरेशा आहेत.” ते हसले. “तो अब जाओ.” आई बहिणीकडे राहून आली. दोघी एकाच गोधडीत झोपायच्या, असे मावशी अजून सांगते.

पुढल्या वर्षी रोग गोळ्यांना जुमानेना आणि आई गेली. तिची फार आठवण येते. कॅम्पातल्या त्या खोलीवरून जाताना वाटते, ती आत बसली असेल, हाक मारावी.

साईंना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे डोळे आणि हात असेच शाबूत राहोत. आई असती तर तिने अंबरेश्वराकडे आणखी एक साकडे घातले असते. ते आता मी घालते. रुकीबाई सुखरूप इकडे येवोत, आणि साईंना त्यांचा हात हातात घेता यावा.