फाटलेल्या कोनाचं ठिगळ

भूकंपाच्या पहाटे चाकूरच्या घरी फडताळावरचा रेडिओ खाली पडला आणि त्याच्या स्पीकरचा कागदी कोन फाटला. पुढे आम्ही लातूरला राहायला आलो, वरच्या खोल्या क्लासच्या मुलींना भाड्याने दिल्या. रेडिओ मात्र पलंगाखाली तसाच पडून राहिला. नोकरी संपल्यावर यजमानांनी तो दुरुस्तीला काढला. ठिगळासाठी पतंगाचा कागद ते कात्रीने कापत नसत, बोटांनी फाडत. फाडलेली कड विरळ असते, कोनावर नीट बसते, असं म्हणत. अर्धी चीर सांधून झाली आणि ते गेले.

तेरावं व्हायचं होतं. हदगावहून आलेली धाकटी नणंद दुपारी जरा आडवी झाली होती. मी उरलेल्या चिरेवर कागद चिकटवला. डिंक जास्त लागला असावा. ठिगळ कडक झालं की आवाज फरफरतो आणि ते वाजवल्याशिवाय कळत नाही. म्हणून कागद वाळल्यावर मी रेडिओ लावला. कुठलंसं जुनं गाणं लागलं. पहिल्याच ओळीत फरफर ऐकू आली, माझ्या ठिगळाची. यजमानांनी सांधलेल्या बाजूवर बोट टेकवलं, तर तिथे कोन एकसारखा थरथरत होता.

तेव्हाच बंद करायला हवं होतं. बोट तसंच ठेवून मी गाणं संपेपर्यंत बसले.

मान वर केली तर दारात नणंद, आणि तिच्यामागे जिन्यात वरच्या दोन मुली. आम्ही काही सांगितलं नव्हतं, तरी यजमान गेल्यापासून त्यांनी मोबाइलवर गाणं लावलं नव्हतं. भाजीला फोडणीसुद्धा देत नव्हत्या. सुतकाच्या घरात वास जाईल म्हणून.

"वैनी, दादाचं तेरावं तरी होऊ द्यायचं व्हतं," नणंद हळूच म्हणाली.

"कोन नीट बसला का, ते बघत होते."

"इतका येळ?"

मी रेडिओ बंद केला. मुली खाली बघत वर निघून गेल्या. नणंदेने रेडिओवर चादर टाकली, तिची टोकं आत खोचली.

"कुणी इचारलं तर म्याच लावला म्हणून सांगते," ती म्हणाली.

मी नको म्हणायला हवं होतं. तेही म्हटलं नाही.

संध्याकाळी मुलींचा स्वयंपाक सुरू झाला, तेव्हा मी खिडकीशी उभी राहिले. फोडणीचा वास आला असता तर बरं वाटलं असतं. आला नाही.