शेंदूर खरवडला त्या दिवशी

लढाई संपली तशी लष्कराच्या भंगारातली नावेची एक जुनी मोटार आमच्या ह्यांनी उचलून आणली आणि पूर्णेवरच्या आमच्या नावेला मागून लावली. तेव्हापासून ह्यांचे पाय जमिनीवर नव्हते. नणंदेचं लग्न ठरलं तेव्हा पलीकडच्या व्याह्यांना छाती ठोकून सांगून आले, "गाड्यांनी वळसा काहून घालता? मोटारीनं आणतो तुमाला."

मुहूर्त गोरज. दुपारी वऱ्हाड पलीकडच्या काठावर येऊन बसलं, आणि इकडं मोटार जराशी जाऊन तापायची आणि बंद पडायची. दसऱ्यापासून तिचं हेच चाललं होतं. नुसत्या वल्ह्यांनी त्या धारेतून अख्खं वऱ्हाड वेळेत येणं शक्यच नव्हतं. नणंद हळदीच्या अंगानं दारात रडत उभी. मला तिची कीव आली आणि ह्यांचा संताप.

ह्यांनी मोटार काढून अंगणात आणली, आतलं तेल बघायला तळाचा स्क्रू काढला. तेलाचा थेंब पडेना.

"तेल संपलं," हे म्हणाले.

"संपलं न्हाई, अडकलं," मी म्हणाले. " डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का? वरून हवा जायला दुसरं लागतं. वरचा स्क्रू कुठाय?"

वरचा स्क्रू दिसेचना. दसऱ्याला हत्यारांच्या पूजेत सासूबाईंनी भक्तिभावानं मोटारीला वरपासून खालपर्यंत शेंदूर थापला होता, आणि तो वाळून टणक झाला होता. मोटार थंड राहावी म्हणून नदीचं पाणी आत घ्यायची भोकंही त्याखालीच बुजलेली. मग तापेल नाही तर काय! पण देवाचा शेंदूर खरवडणार कोण? ह्यांचे हात मागे गेले, माझेही.

सासूबाईंनी लेकीकडं पाहिलं, मोटारीकडं पाहिलं. "अगं माय, देव घुसमटून राहिला की!" म्हणाल्या आणि उलथनं घेऊन स्वतःच खरवडायला बसल्या.

मी बाभळीच्या काट्यानं भोकं मोकळी केली. ह्यांनी वरचा स्क्रू काढला आणि खालून भळाभळा तेल आलं, पाणी शिरून ताकासारखं पांढरं झालेलं. ते सगळं जाऊ दिलं, नवं तेल भरलं, दोन्ही स्क्रू आवळले, मोटार पुन्हा नावेला चढवली. ह्यांनी दोरी ओढली. मोटार धडधडली आणि मागच्या भोकातून पाण्याची पिचकारी उडाली. मी काठावर चक्क नाचले. थोरली सून कशी नाचते ते अख्ख्या गावानं पाहून घेतलं.

दिवस मावळायच्या आत वऱ्हाड अलीकडं आलं, वेळेवर अक्षता पडल्या.

पुढच्या दसऱ्याला सासूबाई शेंदराची वाटी घेऊन मोटारीपुढं बसल्या. बोट बुडवलं, थांबल्या आणि मला हाक मारली, "सूनबाई, कुठं लावू? तूच सांग."