वटवाघूळ, स्पंज आणि उल्हासनगरचा समुद्र

वटवाघूळ आणि समुद्री स्पंज यांची तुलना विज्ञान प्रदर्शनात मांडायची, असं माझ्या धाकट्या बहिणीनं ठरवलं. सुनंदा अंबरनाथ पश्चिमेच्या एका शाळेत शिकवते. मुख्याध्यापकांचं मत होतं, स्पंज प्राणी असेल तर फळा पुसायचं फडकंही प्राणीच. सोमवारी खरा स्पंज दिसला नाही तर टेबल रद्द. म्हणून रविवारी मीही तिच्याबरोबर निघालो. मदतीपेक्षा गंमत बघायला.

शेअर रिक्षानं उल्हासनगर गाठलं. वाटेत खड्डे भरपूर, मधेमधे थोडं डांबर. दोन बाजार पालथे घातल्यावर तिसऱ्यात, साबण-ब्रशच्या दुकानात पिवळा, भोकाभोकांचा गोळा मिळाला, साठ रुपयांना. कुठल्या समुद्रातला, असं सुनंदानं विचारलं.

"मॅडम, जो आपको चाहिए," दुकानदार म्हणाला.

आम्ही दोघं शिकलेली माणसं, तरीही घेतला. वर सिंध्यांचं दालपकवान खाल्लं. दिवसातली एकमेव अस्सल गोष्ट तीच.

दुपारी वटवाघळांसाठी बदलापूर गाव. देवळामागच्या वडावर वटवाघळं उलटी टांगलेली, खाली घाण आणि वास. जवळच्या शेतकरीणबाईंच्या चिकूंवर दर रात्री या वटवाघळांचाच डल्ला पडतो. हाकलत का नाही, असं मी विचारलं.

"आमी नाय हाकलत. झाडाखाली दिवालीला फटाकाबी नाय लावत," त्या म्हणाल्या. "तुमी शहरवाले काय त्यांच्यावानी मोफत बिया पेरताव?"

सुनंदानं वटवाघळांनी थुंकलेला फळांचा चोथा कागदानं उचलून डबीत भरला. वटवाघूळ निदान रात्रभर उडून रस चोखतं. स्पंजाला तोंड नाही, पोट नाही, मेंदू नाही. जागेवर चिकटून अंगातून पाणी गाळतो आणि त्यातलं मिळेल ते खातो. अशा कितीतरी खुर्च्या मी पाहिल्या आहेत.

घरी परतल्यावर सुनंदानं शंका आली म्हणून गोळ्याचा कोपरा गॅसवर धरला. खरा असता तर जळक्या केसांचा वास आला असता. हा वितळून काळा थेंब थेंब गळला. फोम. मी दुसरा विषय मांड म्हणालो, तिनं ऐकलं नाही.

सोमवारी चोथ्याशेजारी तिनं तोच जळका गोळा ठेवला. खाली चिठ्ठी: "हा प्राणी नाही. कसं ओळखलं, विचारा." मुलांसमोर स्वतःचा एक केस जाळून वास दाखवला, मग फोमचा तुकडा. रांग तिच्याच टेबलापुढे लागली, म्हणून ते रद्द करणं मुख्याध्यापकांना जमलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, खरा स्पंज कुठं आहे?

"समुद्रात, सर. आपल्याकडे पोचतो तो असा."

वडाखालून मी काढलेले वटवाघळांचे फोटो सगळे काळे आलेत. तिचं उत्तर मात्र स्वच्छ आठवतं.