कसले बोल्ट?

मोटरसायकलचा सेल्फ, म्हणजे बटण दाबल्यावर इंजिन फिरवणारी ती लहानशी मोटर, काढायला फार अक्कल लागत नाही. धीर लागतो आणि दुमडणारा गुडघा लागतो. धीर माझ्याकडे पहिल्यापासून आहे. उजव्या गुडघ्याचं मात्र मागच्या वर्षी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, गाडी खुशाल चालवा, पण किक मारायची नाही. मी म्हटलं, नाही मारणार, माझ्या गाडीला बटण आहे.

आणि नेमकं ते बटणच रुसलं. दाबलं की नुसतं टक्, पुढे काही नाही. मी हट्टानं दाबत राहिले आणि बॅटरीही उतरवून बसले.

घरात सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. ह्यांचं म्हणणं, आता या वयात पुरे, दारात ऑटो मिळते. मुलगा म्हणाला, "आई, छोड़ आता. बिक जाने दे." आमच्या ग्वाल्हेरकडच्या मुलांचं वाक्य मराठीत निघतं आणि वाटेत गाडी बदलतं. ह्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांना जुन्या गाड्यांचा शौक. ते रविवारी बघायला येणार असंही परस्पर ठरलं. मला राग आला, पण रागात मी नेमकं बोलते. मी सांगितलं, रविवारी बटणावर सुरू झाली नाही तर घेऊन जाऊ देत. झाली तर हा विषय या घरात पुन्हा निघणार नाही.

ही गाडी मी शाळेत गणित शिकवायला लागल्यावर काही वर्षांनी घेतली. मोटरसायकलवरची मास्तरीण बघायला आमच्या लष्कर पेठेतले लोक माना वळवायचे. पुढे त्यांच्या माना दुखल्या असाव्यात, कारण बघायचे थांबले. गाडी असली की "बाड्यावरच्या बाजारात जाऊन येते" एवढं सांगितलं की झालं. ती गेली की कोणी सोडायला येणार, कोणी आणायला येणार, आणि मी पिशवी घेऊन वाट बघत उभी राहणार. ते मला नको होतं.

कोपऱ्यावरचा मिस्त्री म्हणाला, गाडी आठवडाभर ठेवून जा. आठवडा माझ्याकडे नव्हता. नया बाज़ारात सेल्फ दुरुस्त करणारं एक दुकान आहे. तिथला माणूस फोनवर म्हणाला, मोटर काढून आणा, लगेच करून देतो. म्हणजे काढायची मलाच होती. जमिनीवर मांडी घालणं मला शक्य नव्हतं, म्हणून सुनेला बोलावलं. ती पुण्याची, लग्न होऊन सहा महिने झालेले. ती ओढणी खोचून जमिनीवर बसली, मी वेताच्या मोढ्यावर. हात तिचे, डोकं माझं, अशी वाटणी झाली.

आधी बॅटरीची तार सोडवली; ती राहिली तर पाना चुकून लागून ठिणगी उडते. मग मोटरवरची रबरी टोपी मागे सारून तिची जाड तार काढली. मोटर दोन बोल्टांवर बसलेली असते, आणि त्यातला मागचा अगदी आत. मी म्हटलं, "आता तो मागचा खोल."

"हो ना," ती म्हणाली, "खूपच खोल आहे."

"अगं, मग खोल ना."

ती वर बघायला लागली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आम्ही ग्वाल्हेरचे मराठी लोक बोल्ट खोलतो, दार खोलतो, डबाही खोलतो. पुण्यात विहीर खोल असते. दोघी इतक्या हसलो की हे बाहेर येऊन बघून गेले. मी तिला सांगितलं की नर्मदा ओलांडून आली आहेस, थोडं भाषेचं बघून घे. तिनं लांब दांड्याचा पाना आत घातला आणि दोन्ही बोल्ट काढले. मोटर चिकटून बसली होती. तिनं हातोडी मागितली, ती मी दिली नाही. जुनी वस्तू डावी-उजवीकडे हलवून सोडवायची असते, ठोकून नाही. थोड्या वेळानं ती तिच्या हातात आली, काळी, तेलकट, आणि दिसते त्यापेक्षा जड.

ऑटोनं नया बाज़ारात गेले, हे कबूल करते. दुकानदारानं मोटर खोलली, झिजलेले कार्बनचे ब्रश बदलले, आतली घाण पुसली आणि तारा लावून फिरवून दाखवली. छान गरगरली. शनिवारी संध्याकाळी आम्ही ती परत बसवायला घेतली. रबरी कड्याला तेलाचं बोट लावलं. मी म्हटलं, दोन्ही बोल्ट आधी नुसत्या हातानं बसव. तिनं बसवले. मागच्या बोल्टाखाली बॅटरीची अर्थिंगची तार येते, तीही तिनं बरोबर घातली. मी बॅटरी चार्जिंगला लावण्यात गुंतले होते, तिच्याकडे पाठ होती. तशीच म्हणाले, "आता कस."

"आता बरंय, आई," ती म्हणाली.

झालं म्हणायचं, असं मला वाटलं. रात्रभर बॅटरी चार्ज झाली.

रविवारी ते गृहस्थ आले. चहा झाला. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टाकीवर हात फिरवला, ते मला आवडलं नाही. मी बॅटरी लावली आणि बटण दाबलं. टक्. पुन्हा दाबलं. टक्. मुलगा गाडीचे कागद आणायला आत गेला. दुकानात फिरलेली मोटर इथे का फिरत नाही, हे मी गणितासारखं मागे मागे तपासत गेले. मोटर चांगली. बॅटरी भरलेली. तारा लावलेल्या. मग राहिलं काय?

मी सुनेला विचारलं, "काल बोल्ट कसलेस ना?"

"कसले बोल्ट?"

"तेच विचारते आहे. कसले का?"

"पण कसले, आई?"

आणि मला कळलं. पुण्यात कंबर कसतात, बोल्ट मात्र आवळतात. काल वाकून वाकून तिची पाठ भरून आली होती. तिला वाटलं, सासूनं मायेनं विचारलं, आता कसं वाटतंय. तिनं बरंय म्हणून सांगितलं आणि पाना डब्यात ठेवून दिला. बोल्ट रात्रभर नुसत्या बोटांच्या जोरावर उभे होते, आणि ढिल्या बोल्टाखाली अर्थिंगची तारही ढिली, म्हणून मोटर फिरेना. चूक तिची नव्हती आणि माझीही नव्हती. मी फक्त म्हणाले, "आवळ."

ती पाहुण्यांसमोर, नव्या कुर्त्यात, तशीच जमिनीवर बसली. तिनं बोल्ट असे आवळले की तिच्या मानेची शीर दिसली. मी बटण दाबलं. गाडी पहिल्या दणक्यात सुरू झाली आणि गृहस्थांनी टाकीवरचा हात काढला.

मी हेल्मेट घातलं आणि बसले. हे ओट्यावर उभे होते. हरलेला माणूस जरा मोठ्यानं बोलतो, तसे म्हणाले, "दिसलं सगळ्यांना. आता बस."

आमच्याकडे याचा अर्थ पुरे, बंद कर, असा होतो. सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सहा महिन्यांत तिला एवढंही कळत नसेल, असं मी म्हणणार नाही. तिनं तेलकट हात ओढणीला पुसले, "हो बाबा," म्हणाली आणि माझ्या मागे बसली.

मी गिअर टाकला.